मराठी अक्षरांचा पट छापाल का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

इंग्रजी शब्दखेळांमुळे सीमाभागातल्या मुलांचे मराठी आणखी मागे पडते, असे एका वाचकाने मागे याच सदरात लिहिले होते. माझा अनुभव उलटा आहे.

माझा सहावीतला नातू इंग्रजी माध्यमात शिकतो. गेल्या आषाढात इथे खानापुरात झड लागली, त्यात लाईट गेलेली, तेव्हा त्याने स्क्रॅबलचा, म्हणजे इंग्रजी अक्षरे जोडून शब्द लावायच्या खेळाचा, पट माझ्यापुढे मांडला. १५ बाय १५ घरे, अक्षरे आणि त्यांचे गुण लिहिलेल्या १०० सोंगट्या, प्रत्येकाच्या हाती ७. मी ३२ वर्षे मराठी शाळेत शिकवले. मला वाटले, शब्द लांब तेवढे गुण जास्त. मोठ्या हौसेने मी सगळ्यात वरच्या ओळीत 'गार्डन' लावला, गुण मिळाले ९. पण त्याच्या टोकाला लागून तिप्पट गुणांचे लाल घर मोकळे राहिले. पोराने तिथे एस ठेवून 'सन' हा शब्द खाली उतरवला. माझ्या 'गार्डन'चे 'गार्डन्स' झाले, दोन्ही शब्द तिप्पट, ३ सोंगट्यांत ३६ गुण! "आजी, शब्द लावण्याआधी आपण कुठलं घर उघडं टाकतोय ते बघायचं," तो म्हणाला. एस फक्त ४ असतात, ते असे जागेवर खर्चायचे, हे मी त्या दिवशी शिकले.

हा खेळ रचला अमेरिकेतल्या आल्फ्रेड बट्स या वास्तुविशारदाने, १९३० च्या दशकातल्या मंदीत. कोणते अक्षर किती वेळा येते, ते त्याने वर्तमानपत्राच्या पानावर मोजले. म्हणून ई १२ आणि गुण १, क्यू व झेड एकेकच आणि गुण १०. हे कळल्यावर मी आपल्या अंकाचे पहिले पान घेऊन पेन्सिलीने खुणा करत बसले. र, त, क, य पानभर. झ, ढ, ठ शोधावे लागले. ङ, ञ एकदाही नाही.

जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून आम्ही सोंगट्या केल्या. अडलो बाराखडीपाशी. प्रत्येक काना-वेलांटीची वेगळी सोंगटी करायची तर पिशवी पुरणार नाही. शेवटी ठरले, सोंगटीवर नुसते अक्षर, काना-मात्रा ज्याने त्याने मनात धरायची. आडव्या 'पाऊस'मधला प उभ्या 'पीठ'लाही चालतो. ळ ला आम्ही ८ गुण दिले होते. शेजारची कन्नड शाळेतली मुलगी खेळायला आली. ळ तिच्या वर्णमालेतही आहे. तिने बाळ, फळ, जाळ असे धडाधड लावले, तेव्हा ते ४ वर आणावे लागले. क्ष आणि ज्ञ एका सोंगटीचे की दोन, यावर मात्र घरात अजून एकमत नाही.

नातू आता 'पाणी' आणि 'पाणि' यांतला फरक स्वतःहून विचारतो. पाच वर्षे मी वहीत लाल शाईने खुणा करत होते, तेव्हा त्याने एकदाही विचारले नव्हते.

माझी विनंती एवढीच, की रविवारच्या पुरवणीत शब्दकोड्याशेजारी एकदा असा मराठी पट आणि कापून घ्यायची अक्षरे छापावीत. कोणते अक्षर किती आणि किती गुणांचे, ते वाचकांकडून मागवावे. माझी मोजणीची वही मी पोस्टाने पाठवते.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)