मित्रास पत्र : एक ‘साग्वा’, दोन अर्थ

पुणे

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. कोरियन मालिकेतला नायक माफी मागताना ‘सफरचंद’ का म्हणतो, हा तुझ्या कन्येचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘साग्वा’ म्हणजे सफरचंद आणि ‘साग्वा’ म्हणजेच क्षमायाचना, हे खरे. पण चिनी अक्षरांत लिहिले की पहिल्यात ‘वाळू’ व ‘फळ’ येतात, तर दुसऱ्यात ‘क्षमा मागणे’ व ‘चूक’. कोरियन शब्दकोशातले अर्ध्याहून अधिक शब्द चिनी मुळाचे आहेत. ते घेताना चिनीतले सूर, म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार, मागेच राहिले, म्हणून तिकडे वेगळे ऐकू येणारे कितीतरी शब्द इकडे एकाच उच्चारात येऊन बसले. पुढे चिनी अक्षरेही रोजच्या लिखाणातून गेली आणि डोळ्यांचा आधारही सुटला. २०२२ साली एका व्यावसायिकाने ‘शिमशिम’ क्षमायाचना जाहीर केली, तेव्हा त्याला ‘मनःपूर्वक’ म्हणायचे होते. अनेकांनी ‘कंटाळवाणी’ असे वाचले आणि ते भडकले. मला विचारशील तर चूक दोघांचीही नव्हती.

अस्सल कोरियन शब्दांची गोष्ट मला अधिक मोहवते. ‘नून’ म्हणजे डोळा आणि हिमही. ‘माल’ म्हणजे घोडा आणि बोलणेही. राजा सेजोंगने १४४६ साली नवी लिपी जाहीर केली, त्या काळी अक्षराच्या डावीकडे सुराचे ठिपके देत : डोळ्याच्या ‘नून’ला एक, हिमाच्या ‘नून’ला दोन. सोळाव्या शतकानंतर ठिपके गेले. दोन ठिपक्यांच्या जागी लांब स्वर उरला, आणि आता सोलमधल्या तरुणांच्या तोंडी तोही राहिलेला नाही. घोड्याचा तर स्वरच निराळा होता. त्याचे अक्षर १९३३ च्या लेखननियमांनी वगळले, पण जेजू बेटावरच्या जुन्या बोलीत घोडा अजून ‘मोल’च्या जवळपास ऐकू येतो, म्हणजे तिथे घोडा आणि बोलणे यांची गल्लत होत नाही.

आपल्याकडे ‘जरा’ पाहा. ‘थोडेसे’ या अर्थी ‘ज’ दंततालव्य, म्हातारपणाच्या अर्थी तालव्य. लिहिताना मात्र दोन्ही सारखेच. कन्येला हे म्हणून दाखव, ‘नून’चे कोडे तिला आपोआप उलगडेल.

रात्र बरीच झाली, डोळे दुखू लागले, तेव्हा इथेच जरा थांबतो. यातला ‘जरा’ कोणता, हे तू माझे वय पाहून ठरव.

तुझा,
वसंत