बाळाचं वजन घेता, आईला कोण विचारणार?

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

आमच्या तालुक्याच्या रुग्णालयात महिन्यातून एकदा मनोविकारांची ओपीडी भरत असे. पावसाळ्यात ती ‘तात्पुरती’ बंद झाली. गणपतीनंतर चालू होईल, असं सांगितलं गेलं. गणपती गेले, दिवाळी गेली, शिमगा तोंडावर आला.

चालू होती तेव्हाही थाट असा की ओपीडी महिन्याने आणि गोळ्या पंधरा दिवसांच्या. उरलेले पंधरा दिवस रोग्याने काय करायचं, याचं परिपत्रक अजून निघालेलं नाही. नैराश्यावरच्या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात आणि बरं वाटू लागल्यावरही ती निदान सहा महिने घ्यावी लागते. मधेच तुटली तर चक्कर, चिडचिड, झिणझिण्या, झोपेचं खोबरं. घरचे म्हणतात, गोळीनेच बिघडवलं. मग देवाला गाऱ्हाणं, मग भगत. त्यांना अंधश्रद्धाळू म्हणू नका, साहेब. भगत रोज भेटतो.

कुणाला धोका जास्त, हे बरंचसं आधी दिसतं. बाळंतिणीचंच घ्या. पहिले दहा-बारा दिवस उगाच रडू येणं नेहमीचं आहे. दोन आठवड्यांनंतरही ते थांबत नसेल, बाळ निजलं तरी आईला झोप नसेल, तर तो आजार, बाळंतपणानंतरचं नैराश्य. आपल्या देशात साधारण पाचातल्या एका आईला तो गाठतो. आधी कधी नैराश्य येऊन गेलेली, नवऱ्याचा मार खाणारी, मुलगी झाली म्हणून सासरने तोंड फिरवलेली, बाळ काचेत ठेवावं लागलेली: या बायका गावात सगळ्यांना ठाऊक असतात. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जाते. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजते. आईला ताप, अंगावरून जाणं, झटके, असंबद्ध बडबड विचारते. गप्प बसलेली बाई बडबडत नाही, म्हणून कागदोपत्री ठणठणीत! त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. भेटी माहेरच्या आशाताईच्या, नंतर मुलगी सासरी, आणि इकडचं तिकडे कळवायची सोय नाही. हा आजार बाळाच्या पहिल्या वर्षात कधीही डोकं काढू शकतो.

आशाताई घरोघर भरते त्या तपासणीच्या फॉर्मात मनाचे दोन प्रश्न आहेत (कशात रस वाटेनासा झालाय का, उदास वाटतं का), हे मान्य. पण तो फॉर्म तिशीच्या पुढच्यांचा. बावीस वर्षांच्या आईला आणि नववीतल्या मुलीला मन नसतं, असा खात्याचा समज दिसतो. वयात आल्यावर मुलींमध्ये नैराश्य मुलग्यांच्या जवळपास दुप्पट असतं. घरातली मारझोड, लहानपणी झालेला अत्याचार, आई किंवा बाप याच आजाराने खचलेला असणं, ही मुळं त्याही आधीची. मुलगे रडत नाहीत, चिडतात, आणि शाळा पालकांना बोलावून समज देते.

बाप्यांचं वेगळंच. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, उचल घेतलेली. मोहोर गळाला की बागायतदाराच्या अंगावर खतं-औषधांची उधारी. ‘उदास वाटतं’ असं तो म्हणणार नाही. पाठ दुखते म्हणेल, झोप नाही म्हणेल, क्वार्टर मारेल. आपण दारू बघतो, तिच्या खालचं कुणी बघत नाही.

आणि म्हातारी माणसं. चाकरमानी गणपतीला येतात, पाच दिवस घर भरतं, मग कुलपं. जोडीदार गेलेला, ऐकू कमी, मोतीबिंदू पिकलेला. पक्षाघात झालेल्यांपैकी सुमारे तिसरा हिस्सा नैराश्यात जातो. विसरायला लागली की ‘वय झालं’ म्हणून सोडून देतात. थायरॉइड आणि बी-१२ तपासायला हवं, कारण त्यांची कमतरताही असाच चेहरा घेऊन येते. नैराश्यामुळेच विसरत असेल, तर ते उपचाराने बऱ्यापैकी सुधारतं.

त्या दोन प्रश्नांचे गुण ३च्या वर गेले की पुढे पाठवा, असा नियम. कुठे? उपकेंद्र तालुक्याला पाठवतं, तालुक्याला दार बंद. तक्त्यातला ‘संदर्भित’ रकाना मात्र भरतो, आणि मुंबईत टक्केवारी छान दिसते.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२चा, जिल्हा कार्यक्रम १९९६चा. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं १८वं कलम उपचार हा हक्क मानतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत नैराश्याच्या १०० रुग्णांमागे सुमारे ८५ जण उपचाराविना निघाले. रत्नागिरीचं मनोरुग्णालय इंग्रजांच्या अमदानीतलं, १८८६चं. त्यानंतर आमच्या वाट्याला काय? जागतिक मानसिक आरोग्य दिनाची, १० ऑक्टोबरची रांगोळी आणि हिरव्या फिती. १४४१६ हा सरकारी ‘टेलि-मानस’ मदतीचा नंबर चांगला आहे, पण वाडीत रेंज नाही, आणि घरातला एकुलता फोन नवऱ्याच्या खिशात. इमारतीला निधी मिळतो, माणूस भरायला मिळत नाही. मुंबई-गोवा महामार्गासारख्या लांबणाऱ्या तारखा आता रोग्यांनाही द्यायला लागलात.

प्राथमिक केंद्रातल्या डॉक्टरला प्रशिक्षण द्या, दोन महिन्यांचा गोळ्यांचा साठा तिथेच ठेवा. दीड, अडीच, साडेतीन महिन्यांच्या लसीला आई येतेच, तेव्हा तिला ते दोन प्रश्न विचारा. ‘हो’ आलं की नऊ प्रश्नांची चाचणी, पाच मिनिटांचं काम. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला ‘हो’ म्हणणाऱ्या बाईला पुढच्या महिन्याची तारीख देता येत नाही, त्याच दिवशी डॉक्टर लागतो. आमच्या तालुक्यात तो डॉक्टर कोण, हे लेखी कळवावं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका, रत्नागिरी जिल्हा