थर्मल कॅमेऱ्याची घासलेली लेन्स आणि ‘दोष आढळला नाही’ हा शेरा : लेखी तक्रार

नाशिक, दि. २४ एप्रिल २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
विक्रीपश्चात सेवा विभाग

महोदय,

परवा, मंगळवारी, दि. २२ एप्रिल रोजी दुपारी बाराच्या सुमारास आपल्या सेवा केंद्राच्या प्रतिनिधीने माझे बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवला. गेल्या दीड महिन्यातला तो माझा सहावा फोन होता. यापुढे फोन करणार नाही; जे सांगायचे ते या पत्रात सांगतो आणि उत्तरही लेखीच हवे आहे.

मी परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक असून सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींतील लहान-मध्यम कारखान्यांच्या विद्युत पॅनेलची तपासणी करतो. आपला १६० × १२० पिक्सेलचा हातात धरायचा थर्मल कॅमेरा मी ऑगस्ट २०२३ मध्ये १,६४,००० रुपये अधिक जीएसटी भरून घेतला. त्याची वॉरंटी दोन वर्षांची, म्हणजे आजही चालू आहे. दीड वर्ष कॅमेऱ्याने उत्तम काम दिले, हे मी मोकळेपणाने मान्य करतो, आणि माझ्या ओळखीच्या दोन कंत्राटदारांना तोच घ्यायला मी सांगितले होते, हेही आपल्याला माहीत असावे.

फेब्रुवारीत त्याचा ट्रिगर अडकू लागला म्हणून दि. १० फेब्रुवारी रोजी कॅमेरा आपल्या सेवा केंद्राकडे कुरिअरने पाठवला. पेटी बंद करण्यापूर्वी त्याचे सर्व बाजूंनी फोटो काढले होते, आणि त्यांत लेन्स आरशासारखी स्वच्छ दिसते. दि. ३ मार्च रोजी कॅमेरा परत आला. ट्रिगर नवा होता, पण लेन्सच्या मधोमध वर्तुळाकार ओरखडे आणि दुधाळ डाग होता. ट्यूबलाइटखाली कॅमेरा थोडा तिरका धरला की तो नुसत्या डोळ्यांना दिसतो. कोणीतरी ही लेन्स खरखरीत कापडाने पुसली आहे. ती साधी काच नाही, जर्मेनियम आहे, हे आपल्याला मी सांगायला नको. नुसते जर्मेनियम स्वतःवर पडणाऱ्या अवरक्त (उष्णतेच्या) किरणांपैकी निम्म्याहून अधिक परतवून लावते, आणि केवळ वरच्या पातळ लेपामुळे ते किरण आत जाऊ शकतात. तो लेप आपल्याच केंद्रात घासला गेला.

तो डाग मी पहिल्या दिवशी पाहिला नाही, ही माझी चूक. दि. ६ मार्चला अंबडच्या एका कारखान्यात मी याच कॅमेऱ्याने तपासणी केली. तेथील एका फीडरवर (पॅनेलमधून पुढे वीज नेणाऱ्या जोडणीवर) तीन फेजांपैकी वाय फेजच्या लगचे, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या जोडाचे, तापमान ६७ अंश आले, तर आर आणि बी फेजचे ४९ व ५०. फेजांमधला फरक पाहता जोड सैल असल्याचे उघड होते, परंतु केबल पीव्हीसी इन्सुलेशनची, तिची मर्यादा ७० अंशांची, आणि आकडा त्याच्या आत होता. म्हणून मी अहवालात ‘पुढील शटडाउनमध्ये आवळावे’ असे लिहिले. दुसऱ्या दिवशी त्या कारखान्याच्या देखभाल विभागातील तरुण अभियंत्याने तेवढ्याच लोडवर स्वतःच्या कॅमेऱ्याने तोच लग पाहिला, तर तेथे ७२ अंश होते. त्याने मला फोन करून अतिशय अदबीने सांगितले, “काका, तुमचा कॅमेरा कमी दाखवतोय, एकदा तपासून घ्या.” त्याच दिवशी लोड काढून जोड आवळला गेला आणि पुढचे संकट टळले. ६७ आणि ७२ यांत कागदावर पाचच अंशांचे अंतर आहे, पण एका आकड्यावर मी ‘पुढच्या वेळी’ लिहितो आणि दुसऱ्यावर ‘आत्ता, ताबडतोब’. अहवालाखाली सही माझी असते. त्या पॅनेलसमोर रोज उभा राहणारा ऑपरेटर त्या सहीवर विसंबून असतो.

दर महिन्याच्या १ तारखेला मी कॅमेरा बर्फाच्या पाण्यावर तपासतो. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये बारीक फोडलेला बर्फ आणि थोडे पाणी घेऊन ढवळायचे, आणि कॅमेऱ्यात इमिसिव्हिटी (पृष्ठभाग स्वतःची उष्णता किती प्रमाणात किरणांनी बाहेर टाकतो तो आकडा) ०.९५ ठेवून वरून पाहायचे. शून्य अंश दिसले पाहिजे. माझ्या वहीत १ डिसेंबरला ०.४, १ जानेवारीला ०.७ आणि १ फेब्रुवारीला ०.५ अंश अशी नोंद आहे. दुरुस्तीहून परत आल्यावर, दि. ८ मार्चला, त्याच थर्मासवर ५.६ अंश आले, तेव्हा पाण्यात बुडवलेला थर्मोकपल (तारेचा तापमापक) ०.२ दाखवत होता. मग स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळले, पातेल्याच्या बाहेरच्या अंगाला काळी इन्सुलेशन टेप चिकटवली आणि थर्मोकपलने टेपेखालचे तापमान पाहिले, ते ९६ अंश होते. (नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने येथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते, हे मी धरलेले आहे.) कॅमेऱ्याने त्या टेपवर ८८.६ अंश दाखवले. आपल्या माहितीपुस्तिकेत अचूकता दोन अंश किंवा दोन टक्के, यांपैकी जे जास्त असेल ते, अशी छापलेली आहे. येथे थंड बाजूला साडेपाच अंश जास्त आणि गरम बाजूला सात अंशांहून अधिक कमी अशी चूक आहे.

थंड वस्तू जास्त गरम आणि गरम वस्तू कमी गरम दिसते, म्हणजे दोन्ही टोके खोलीच्या तापमानाकडे ओढली जात आहेत. लेन्समधून वस्तूचा किरण पुरेसा आत जात नाही आणि त्याची जागा आजूबाजूच्या उष्णतेने भरली जाते, तेव्हा असेच होते. माझ्या समजुतीप्रमाणे याला दुसरे कारण नाही. असल्यास आपल्या अभियंत्यांनी ते लेखी सांगावे.

हे सारे, वहीच्या पानांच्या छायाचित्रांसह, मी ई-मेलने कळवले आणि दि. १२ मार्चला कॅमेरा पुन्हा पाठवला. चार आठवडे तो आपल्याकडे होता. ऐन मार्च महिन्यात, कारखान्यांची वार्षिक देखभाल चालू असताना, मी दुसऱ्याचा कॅमेरा दिवसाच्या भाड्याने घेऊन कामे केली. दि. ९ एप्रिलला पेटी परत आली, आत एक चिठ्ठी होती, आणि तिच्यावर तीन शब्द: ‘दोष आढळला नाही’. कशावर तपासले, किती तापमानाला तपासले, किती आकडा आला, यांतले काहीही नाही. लेन्सवरचा डाग मात्र जसाच्या तसा आहे.

त्यानंतरच्या फोनवर मला जे ऐकवण्यात आले त्यापैकी दोन गोष्टी प्रथम सांगतो. एका प्रतिनिधीने विचारले की कॅमेरा मधूनमधून टिक् असा आवाज करतो का. करतो, असे मी म्हटल्यावर तो म्हणाला, “मग तो स्वतःच स्वतःला कॅलिब्रेट करतो आहे, काळजीचे कारण नाही.” तो आवाज आतल्या शटरचा असतो; ते झाकण पुढे आणून कॅमेरा आपला सेन्सर जुळवून घेतो. शटर लेन्सच्या मागे, लेन्स आणि सेन्सर यांच्यामध्ये असते. ते सेन्सरपुढे येते तेव्हा लेन्स झाकली जाते, म्हणून लेन्सचा दोष शटरला कधीही कळणार नाही. दुसऱ्या प्रतिनिधीने सांगितले की चकचकीत धातू नेहमीच कमी तापमान दाखवतो. हे खरे आहे. उघड्या चकचकीत तांब्याची इमिसिव्हिटी ०.०५ च्या आसपास असते आणि तेथे कॅमेरा तांब्याऐवजी समोरच्या भिंतीचे किंवा माझ्याच अंगाचे तापमान दाखवतो. म्हणूनच मी लगवर आणि बसबारवर (पॅनेलमधल्या वीजवाहक धातूच्या पट्टीवर) शटडाउनमध्ये काळी टेप लावून ठेवतो आणि मोजणी नेहमी टेपवरच, अर्ध्या मीटरवरून करतो. बर्फाचे पाणी चकचकीत धातू नाही. हे मी त्या गृहस्थांना दोनदा सांगितले.

आता परवाच्या फोनविषयी. सतरा मिनिटे वाट पाहिल्यावर ज्यांनी फोन उचलला त्यांनी माझा तक्रार क्रमांक घेतला, पण नोंद उघडून वाचली नाही, कारण त्यांचा पहिलाच प्रश्न होता, “प्रॉब्लेम काय आहे?” मी पहिल्यापासून सगळे सांगितले. मध्येच थांबवून ते म्हणाले, “कॅमेरा कपाळावर धरा.” फोन स्पीकरवर होता आणि समोर माझ्याकडे शिकायला असलेला आयटीआयचा मुलगा बसला होता. त्याने कॅमेरा हातात घेऊन माझ्या कपाळावर रोखला. आकडा ३४.६ आला.

“मग बरोबर आहे की,” ते म्हणाले. “माणसाचे तापमान बरोबर दाखवतोय, म्हणजे कॅमेरा ओके आहे.”

मी म्हणालो, “अहो, कपाळाच्या त्वचेचे तापमान आणि शरीराचे तापमान एक नसते. शिवाय आत्ता आमच्या खोलीतच ३४ अंश आहेत. हा दोष असा आहे की वस्तू खोलीच्या तापमानाला असेल तर तो दिसणारच नाही. म्हणून तर मी एकदा बर्फावर आणि एकदा उकळत्या पाण्यावर तपासले.”

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मला वाटले, मुद्दा त्यांच्या लक्षात आला. मग ते म्हणाले, “काका, तुमच्याकडे कोणी इंजिनिअर असेल तर त्याला फोन द्या.”

मी सांगितले की तपासणी मीच करतो, जे बोलायचे ते माझ्याशी बोला.

“म्हणजे तुम्ही वायरमन ना? मग तसं सांगा. हा कॅमेरा ट्रेनिंग झालेल्या लोकांसाठी आहे, काका. बर्फावर धरायची वस्तू नाही ती.”

मी म्हणालो, “माझे सर्व आकडे लिहिलेले आहेत. तुम्ही कशावर तपासले तेवढे सांगा.” त्यावर “दोन मिनिटे थांबा” असे म्हणून त्यांनी फोन बंद केला. मी दहा मिनिटे फोन हातात धरून बसलो होतो. तो मुलगा मान खाली घालून टेपची गुंडाळी नीट करत बसला. त्याला मी गेले आठ महिने शिकवतो आहे की आकडा लिहिल्याशिवाय बोलू नये आणि उपकरणावर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

मी वायरमन म्हणूनच कामाला सुरुवात केली, त्याला यंदा बावीस वर्षे झाली, आणि पुढे परीक्षा देऊन पर्यवेक्षकाचा परवाना मिळवला. वायरमन या शब्दाचा मला अपमान वाटत नाही. माझ्या बर्फाच्या चाचणीला उत्तर न देता तो शब्द मला गप्प करण्यासाठी वापरला गेला, याचा मला अपमान वाटतो. बर्फाचे पाणी हा शून्य अंशाचा आधार आहे आणि तो प्रयोगशाळांमध्येही वापरला जातो. आपल्या सेवा केंद्राकडे त्याहून चांगला आधार, म्हणजे ब्लॅकबॉडी स्रोत (ठरवलेल्या तापमानाला ठेवलेला काळा पृष्ठभाग), असायलाच हवा. कॅमेरा चार आठवडे तेथे असताना त्यावर एकदा जरी धरला असता, तर ‘दोष आढळला नाही’ असे लिहिण्याची वेळ आली नसती. कपाळावर धरून कॅमेरा तपासायचा असेल तर तो चार आठवडे ठेवून घेण्याची गरजच काय होती?

माझी मागणी अशी आहे. लेन्स आपल्या खर्चाने बदलावी किंवा कॅमेरा बदलून द्यावा, आणि परत देताना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र द्यावे, ज्यात निदान ०, ५० आणि १०० अंशांच्या आसपासचे आकडे असतील. फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि मार्च-एप्रिलमध्ये कॅमेऱ्यावर कोणते काम झाले आणि तो कशावर तपासला, याची कार्यपत्रके मला हवी आहेत. भाड्याच्या कॅमेऱ्याचे १४ दिवसांचे बिल सोबत जोडले आहे, त्याची भरपाई मिळावी. परवाच्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आपल्याकडे असेल, कारण फोन लागताना तशी सूचना ऐकवली जाते. ते आपण स्वतः ऐकावे, एवढी विनंती आहे. त्या कर्मचाऱ्याची नोकरी जावी असे मला अजिबात वाटत नाही. त्याला लेन्स, शटर आणि इमिसिव्हिटी म्हणजे काय हे शिकवल्याशिवाय फोनवर बसवणाऱ्यांनी मात्र उत्तर द्यावे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. वस्तू व्यवसायासाठी घेतली म्हणून मी ग्राहकच नाही, असे उत्तर आपल्या विधी विभागाकडून येऊ शकते, म्हणून आधीच नमूद करतो की ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन स्वतः वापरणारा माणूसही ग्राहकच ठरतो. फोटो, वहीची पाने, दोन्ही कुरिअर पावत्या आणि आपली तीन शब्दांची चिठ्ठी माझ्यापाशी जपून ठेवलेली आहे.

अंबडच्या त्या कारखान्याला मी सुधारित अहवाल दिला आहे आणि ३ मार्चनंतर या कॅमेऱ्याने तपासलेल्या आणखी दोन ठिकाणी स्वतः जाऊन, भाड्याच्या कॅमेऱ्याने, पैसे न घेता पुन्हा तपासणी केली आहे. आपला कॅमेरा सध्या पेटीत बंद आहे. तो पुन्हा पाठवण्यापूर्वी, लेन्स कोण बदलणार आणि त्यानंतर तो कशावर तपासणार, हे मला लेखी कळवावे. तोपर्यंत पेटी येथून हलणार नाही.

आपला ग्राहक,
परवानाधारक विद्युत पर्यवेक्षक,
सातपूर, नाशिक

सोबत : खरेदीचे बिल, दि. १० फेब्रुवारीचे फोटो, लेन्सचे आताचे फोटो, चाचणीच्या वहीची चार पाने, दोन कुरिअर पावत्या, भाड्याच्या कॅमेऱ्याचे बिल