दुखत नाही म्हणून थांबू नकोस

प्रिय दिनू,

सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू विषय बदललास, म्हणून हे सविस्तर लिहितोय. रविवारी खेळताना तू समोरच्याचा टी-शर्ट पकडलास, तो हिसडा मारून निसटला आणि तुझ्या अनामिकेत कट्‌कन आवाज झाला. "सूज आहे, पण फार दुखत नाही, मुरगळलं असेल," असं तू म्हणालास आणि मला रात्रभर झोप लागली नाही.

आधी त्या बोटात अंगठी असेल तर ती काढ. सूज वाढली की निघणार नाही. मग दुसऱ्या हाताने बोटाचा मधला सांधा सरळ धरून ठेव आणि फक्त शेवटचं पेर वाकवून बघ. ते जरासुद्धा वाकलं नाही, तर बहुधा वाकवणारी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, हाडापासून सुटली आहे. असं सर्वांत जास्त वेळा अनामिकेतच होतं.

मूठ बरीचशी मिटते म्हणून तू निर्धास्त आहेस ना? घोळ तिथेच होतो. बोटात स्नायू नसतातच. ते वाकवणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात आणि त्यांच्या कंडरा दोरीसारख्या बोटांत उतरतात. अंगठा सोडला तर प्रत्येक बोटात अशा दोन. एक मधल्या पेरापाशी दुभंगून संपते, दुसरी तिच्या फटीतून निघून टोकाच्या पेरापर्यंत जाते. दुसरी तुटली तरी पहिलीच्या जोरावर बोट मधल्या सांध्यात वाकतं. तुटलेलं टोक मात्र स्नायू मागे ओढतो, कधी कधी थेट तळहातापर्यंत. तिथे त्याचा रक्तपुरवठा कमी होतो, ते आखडतं. पट्टी बांधून ते परत हाडाला चिकटत नाही, ऑपरेशनच लागतं, आणि तेही शक्यतो ७ ते १० दिवसांत. तुझे चार दिवस गेलेत. एक्स-रे काढून "हाड मोडलेलं नाही" असं कोणी सांगितलं तरी तेवढ्यावर घरी येऊ नकोस. कंडरा एक्स-रेत दिसत नाही.

मी हे इतक्या कळकळीने का सांगतोय, ते तुला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी गादीखाली चादर खोचताना माझ्या मधल्या बोटाचं टोक खाली लोंबायला लागलं. दुखलं जवळजवळ नाहीच, म्हणून मी तीन आठवडे काढले. ती बोट सरळ करणारी, मागच्या बाजूची कंडरा होती. या दुखापतीला मॅलेट फिंगर म्हणतात. बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही, पण शेवटचा सांधा स्प्लिंटमध्ये, म्हणजे आधाराच्या कडक पट्टीत, रात्रंदिवस सरळ ठेवावा लागतो. माझे आठ आठवडे ठरले होते. पाचव्या आठवड्यात हात धुताना स्प्लिंट काढला आणि टोक क्षणभर खाली झुकलं. झालं, पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी! आजही ते पेर थोडं झुकलेलंच आहे. ते तसंच सोडलं असतं तर पुढे मधला सांधा उलटा वाकून बोटाला हंसाच्या मानेसारखा आकार येऊ शकला असता.

बोटाच्या व्यायामाला जायचो तिथे एक मुलगी यायची. तिच्या मधल्या सांध्यावर चेंडू बसला होता. नुसता मुका मार म्हणून सोडून दिलं आणि दोन-तीन आठवड्यांनी तो सांधा वाकलेला, टोक उलटं वर, असं बोट झालं. तुटलेल्या कंडरेच्या फटीतून सांधा काजातून बटण यावं तसा वर येतो. या विकृतीचं बुटोनिअर हे फ्रेंच नावही त्या काजावरूनच पडलंय. लिहायला बसली की ती पेन कसंबसं धरायची, ते माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

ऑपरेशन झालंच तर पुढचे तीन महिने धीराचे आहेत. हलवलंच नाही तर कंडरा आजूबाजूला चिकटते, घाई केली तर टाका तुटतो. थेरपिस्ट सांगेल तेवढंच हलवायचं, आणि जड वस्तू उचलायची नाही. मी येईन तुझ्याकडे, पिशव्या मी उचलेन.

उद्या सकाळीच हाताच्या सर्जनकडे जा. आणि हे वाचून झाल्या झाल्या पेर वाकवून बघ आणि मला फोन कर. कितीही रात्र झाली असली तरी.

तुझाच,
अवि