हद्दी जुन्या, नावं नवी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत दक्षिण चेकियातल्या होलाशोवित्से या खेड्यावर प्रवासलेख आला. फोटो झकास होते, त्याबद्दल वाद नाही. पण ‘सातशे वर्षांत इथे काहीच बदललं नाही’ हे वाक्य लेखात दोनदा आलं आणि दोन्ही वेळा खटकलं. भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक म्हणून माझी नोकरी झाली. या कामात एक खोड लागते. गाव दिसलं की आधी हद्दी बघायच्या, मग त्या हद्दींच्या आतली नावं. होलाशोवित्सेच्या हद्दी फारशा हलल्या नाहीत हे खरं. आतली नावं मात्र मुळापासून पुसली गेली, तीही एकदा नव्हे, दोनदा. त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

मुलगी आणि जावई प्रागमध्ये असतात. त्यांच्याकडे गेलो तेव्हा हट्टाने हे गाव बघून आलो. चेस्के बुद्येयोवित्से शहरापासून ते पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर आहे. (या शहराचं जर्मन नाव बुडवाइस. आपल्या तरुण वाचकांना ते बिअरच्या बाटलीवरून ठाऊक असेल.) आजूबाजूला सपाट, ओलसर मुलूख आणि जागोजाग तळी. दक्षिणेला ब्लान्स्की लेसचे डोंगर, त्यातलं १,०८४ मीटर उंचीचं क्लेत्य शिखर. डोंगर संपून सपाटी सुरू होते त्या बेचक्यात गाव वसलं आहे.

गावात पाय ठेवला तेव्हा माझं लक्ष घरांआधी मधल्या मोकळ्या जागेकडे गेलं. अंदाजे २१० मीटर लांब, ७० मीटर रुंद, म्हणजे साडेतीन एकरांहून थोडी जास्तच. सगळं हिरवंगार गवत, एक तळं, एक लोहारशाळा आणि १७५५ सालचं नेपोमुकच्या संत योहानाचं इवलंसं प्रार्थनामंदिर. बस्स. भोवती २३ शेतकऱ्यांचे वाडे. एवढी सामाईक जागा आपल्याकडे इतकी शतकं अतिक्रमणाविना राहिली असती का, हे मी विचारत नाही. अतिक्रमणांच्या मोजण्या करण्यातच माझी हयात गेली.

या आखणीमागचा हिशेब बघण्यासारखा आहे. प्रत्येक वाड्याची अरुंद बाजू चौकाकडे, म्हणजे दर्शनी जागा सर्वांच्या वाट्याला थोडी थोडी. खोली मात्र मागे लांबच लांब. पुढे राहतं घर आणि धान्याचं कोठार, दोहोंना जोडणारी कमानीची भिंत, त्यात गाडी जाईल एवढा दरवाजा. आत अंगण, अंगणाच्या टोकाला आडवं खळ्याचं घर, त्यामागे परसू, आणि परसू संपला की शेत. बैल गोठ्यातून सुटला की दुसऱ्याच्या जमिनीत पाय न ठेवता थेट आपल्या शेतात. वहिवाटीची भांडणं निम्म्याने कमी! ज्याने कोणी तेराव्या शतकात ही दोरी धरली, त्याला माझा नमस्कार. गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ चा आहे. १२९२ मध्ये दुसरा वेन्सेस्लास या राजाने हे गाव विश्शी ब्रोद इथल्या सिस्टर्शियन पंथाच्या ख्रिस्ती मठाला देऊन टाकलं आणि १८४८ पर्यंत ते मठाकडेच राहिलं.

आता नावांकडे येतो. १५२० ते १५२५ या काळात इथे प्लेग आला. गावात दोन माणसं उरली. दोन! घरं उभी, शेतं तशीच, पण कसणारं कोणी नाही. कसणारा नाही म्हणजे मठाला धान्य नाही आणि वेठही नाही. म्हणून मठाने बाहेरून जर्मनभाषक माणसं आणून वसवली, मुख्यतः बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून. दयेपोटी वगैरे नव्हे, जमीन पडीक ठेवणं कोणत्याच मालकाला परवडत नाही. १५३० मध्ये गावात १७ रहिवासी असल्याची नोंद आहे. चौकाच्या उत्तर अंगाला प्लेगमध्ये गेलेल्यांना पुरलं होतं, तिथे एक खांब आहे. फोटो काढणारे त्याच्या बाजूने निघून जातात, कारण तो दिसायला काही खास नाही.

आपल्या लेखात ‘मध्ययुगीन घरं’ असं म्हटलं आहे. आखणी मध्ययुगीन आहे, घरं नव्हेत. फोटोतल्या त्या लाटेसारख्या वळणदार त्रिकोणी भिंती बहुतेक एकोणिसाव्या शतकातल्या आहेत. १८४८ मध्ये वेठबिगारी संपली, जमीन कसणाऱ्याच्या मालकीची झाली, हाती चार पैसे खुळखुळू लागले आणि शेतकऱ्याला हौस सुचली. शहरातल्या चर्चवर आणि सरदारांच्या वाड्यांवर पाहिलेली बरोक, म्हणजे युरोपातल्या भपकेदार वळणदार शैलीतली नक्षी गवंड्यांनी चुन्यात उतरवली. एका वाड्यापुढे मी बराच वेळ उभा होतो. पिवळट भिंत, वर चुन्याची पांढरी वेलबुट्टी, मधे साल, आणि खाली घराचा नंबर. वेलीचं डावीकडचं पान उजवीकडच्यापेक्षा ढोबळ होतं. हात एकाच गवंड्याचा असावा. डावीकडे घाई झाली असेल, नाहीतर मालकाशी मजुरीवरून वाजलं असेल. जावई म्हणाले, “बाबा, फोटो काढा आणि चला.” मी काही हललो नाही.

गाव १९९८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं, त्याचं एक कारणच असं दिलं आहे की इथे दोन लोकपरंपरांच्या बांधकामाच्या रीती एकजीव होऊन नवी शैली तयार झाली. म्हणजे बाहेरून येऊन वसलेल्यांचा वाटा वगळला तर जे बघायला आपण जातो त्यातलं निम्मं उरत नाही. १८९५ च्या नोंदीत गावात १५७ जर्मन आणि १९ चेक आहेत. आपल्या लेखात ‘चेक शेतकऱ्यांची ही सुंदर घरं’ असा उल्लेख आला आहे, तो या आकड्यांशेजारी ठेवून बघावा.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून सुमारे ३० लाख जर्मनभाषकांना घालवून देण्यात आलं. होलाशोवित्सेतलेही गेले. सात-बारावरची नावं एका दिवसात कंसात टाकावीत, म्हणजे रद्द करावीत, तसं झालं. याला नुसता अन्याय म्हणून मोकळं होता येत नाही. त्याआधी नाझींनी या देशात काय केलं होतं, हे लिदित्सेचं नाव घेतलं की कळतं. त्या खेड्यातले १७३ पुरुष १० जून १९४२ रोजी एकाच ठिकाणी गोळ्या घालून मारले गेले. लोकांच्या मनात संताप होता आणि त्याला कारण होतं. पण होलाशोवित्सेतल्या ज्या म्हातारीने चार पिढ्यांचं घर सोडलं तिचा लिदित्सेशी संबंध काय, हाही प्रश्न उरतोच. १९९७ च्या चेक-जर्मन संयुक्त जाहीरनाम्यात चेक सरकारने या हकालपट्टीबद्दल खेद व्यक्त केला आहे. तिथल्या सरकारला जे लपवावंसं वाटलं नाही, ते आपल्या पुरवणीने का वगळावं?

माणसं गेल्यावर बरीच घरं ओस पडली आणि खचत गेली. कम्युनिस्ट राजवटीत कोणी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. माझ्या मते गाव वाचलं ते याच दुर्लक्षामुळे. राबतं गाव असतं तर कोणीतरी कमान पाडून ट्रॅक्टरला वाट केली असती, कोणीतरी वर सिमेंटचा मजला चढवला असता. १९९० नंतर डागडुजी झाली, लोक पुन्हा राहायला आले. आज वस्ती दीडशेच्या आत-बाहेर आहे. एका वाड्यात जुन्या शेती अवजारांचं छोटं संग्रहालय आहे. जुलैत उत्सव भरतो, तेव्हा चौक कारागिरांच्या पालांनी भरून जातो. ‘काहीच बदललं नाही’ असं वाटायला लावणारं गाव असं घडलं आहे.

पुरवणीला माझी विनंती एवढीच की अशा लेखासोबत गावाचा एक साधा नकाशा छापावा, चौक आणि वाड्यांमागच्या लांब पट्ट्या दाखवणारा. पाव पानात बसेल. आणि नकाशाखाली तिथे कोण कधी राहत होतं याच्या दोन ओळी.

जाता जाता एक दुरुस्ती. लेखातल्या शेवटच्या फोटोखाली ‘गावाबाहेरचं प्राचीन शिलावर्तुळ’ असं छापलं आहे. ते शिलावर्तुळ २००८ मध्ये हौसेने उभारलेलं आहे. प्राचीन म्हणावं तर माझा मोबाइलही त्याच वर्षीचा आहे आणि अजून चालतो.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, कराड