ऐकणं

अलिबाग, शुक्रवार दुपार

प्रिय बाळा,

शालोम आणि अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालास, "आई, शेमाची प्रार्थना रोज म्हणतो गं, पण शब्बाथ, आपला विसाव्याचा दिवस, म्हणून शनिवारी कामाला येत नाही असं सांगायचा धीर होत नाही. लोक काय म्हणतील?" तेव्हा मला काही सुचलं नाही. आज शब्बाथच्या किद्दुशच्या शरबतासाठी काळ्या मनुका भिजत घातल्या आणि लिहायला बसले.

शेमा म्हणजे ऐक. 'पोरगा ऐकत नाही' म्हणताना त्याचे कान बिघडलेत असं आपण समजत नाही ना? हिब्रूतही तसंच. आज्ञा पाळणं या अर्थाने शास्त्रात बहुतेक ठिकाणी हाच शब्द येतो.

शास्त्रातल्या शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा 15वा अध्याय काढ. शत्रू अमालेक्यांचं काहीच राखायचं नाही अशी देवाची आज्ञा होती. (ती वाचताना माझा जीव आजही कासावीस होतो.) शौल राजाने चांगली गुरंमेंढरं राखली आणि संदेष्टा शमुवेल आला तेव्हा म्हणाला, परमेश्वराचं सांगणं मी पाळलं. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानी पडतंय ते मेंढरांचं ओरडणं कसलं? यज्ञासाठी लोकांनी ठेवलीत, शौल म्हणतो. यज्ञापेक्षा ऐकणं बरं, हे वचन तिथलंच. पण मला लागतं ते 24वं वचन, शौलाचं: मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. भय धरायचं ते देवाचं, ऐकायचं ते त्याचं. शौलाने दोन्ही लोकांच्या पदरात टाकलं.

बाळा, मीही तेच केलं. नोकरीतले कितीतरी शनिवार गेले. साहेब नाही म्हणतील या भीतीने कधी विचारलंसुद्धा नाही. कुणी अडवलं नव्हतं रे.

कोकणात आपल्या बेने इस्राएल ज्यू वाडवडिलांना शनिवार तेली म्हणायचे. पुष्कळ काही विसरले होते ते, पण शेमा तोंडी राहिला आणि शनिवारी घाणा बंद राहिला. तेल विकून पोट भरणाऱ्यांना एक दिवसाची कमाई सोडणं सोपं नसणार. तरी सोडली.

शेमात पुढे येतं, पूर्ण अंतःकरणाने प्रीती कर. तुझं मन कचरत असेल तर आज रात्री शेमा म्हणताना डोळ्यांवर हात ठेवशील तेव्हा तेच त्याला सांग. आणि सोमवारी साहेबांना एकदा विचार. काय म्हणाले ते मला लगेच कळव, मी फोनजवळच असेन.

ऊन उतरलं. मनुका कुस्करून गाळायच्यात, दिवे लावायचेत.

तुझी,
आई