रजिस्टरमधला स्वल्पविराम

आजी, साष्टांग नमस्कार.

काल नव्या कॉलेजच्या गेटवर रजिस्टर पुढे आलं. नाव, वेळ, कोणाकडे, काम. पेन हातात घेतलं आणि डोळेच भरून आले. गेटवरचा माणूस बिचारा गोंधळला.

सहावीत होते मी. तुमच्या नातीचा वाढदिवस. अंगात इस्त्रीचा फ्रॉक, हातात कागदात गुंडाळलेला कंपास. वॉचमनकाका मला ओळखत होते, तीच तर अडचण. आई बी विंगमध्ये तीन घरची धुणीभांडी करायची. त्यांनी माझ्या नावापुढे लिहिलं, 'बी विंगच्या बाईंची मुलगी', आणि म्हणाले, "आई मागच्या जिन्याने गेलीय, जा."

मी तिथेच रडायला लागले. तुम्ही दूध घेऊन येत होतात. "खोडायला सांगा ना ते," मी म्हणाले. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत. "खोडायचं कशाला? खरंच आहे की ते." मग काकांचं पेन घेऊन पुढे स्वल्पविराम दिलात आणि लिहिलंत, 'आमच्या नातीची मैत्रीण'. अक्षर वाकडं आलं, रजिस्टर दुधाच्या पिशवीवर टेकवलं होतंत ना!

शाळेला हे आठ वर्षांत जमलं नाही. 2009चा शिक्षण हक्काचा कायदा, म्हणजे आरटीई, त्यातल्या गरीब घरच्या मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागा, 2014च्या सोडतीत लागलेला माझा नंबर, तेवढं त्यांना पाठ. कसल्याशा फॉर्मसाठी मॅडम भर वर्गात म्हणायच्या, "आरटीईवाले, उभे राहा." आम्ही सातजण उभे. मी 'पानी' म्हटलं की बाकांवर खसखस. घरी 'पाणी' म्हटलं की मामा म्हणायचा, "लई शहाणी झाली." मग मी दोन्हीकडे गप्पच बसायला लागले. आठवी संपली, फीची सवलतही संपली. सातातले चौघं नववीला दिसलेच नाहीत. मी कशी टिकले ते आई जाणे आणि तिची भिशी. वह्यावाटपाला मात्र सगळे हजर असायचे, फोटोग्राफरसकट. माझे दोन फोटो आहेत त्यातले, दोन्हीत माझं तोंड वहीमागे.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नाही. शाळा सुटल्यावर मैत्रिणींबरोबर चालताना समोरून आई आली की मी बुटाची लेस बांधायला वाकायचे. लेस सुटलेली नसायची. आईलाही ते कळत असणार, ती रस्ता ओलांडून जायची. वाढदिवसानंतरच्या आठवड्यात सिग्नलजवळ ती दिसली आणि मी हाक मारली, चांगली मोठ्याने. आईने आधी मागे वळून पाहिलं. दुसऱ्याच कोणाला हाक मारली असेल म्हणून.

आजी, तुमच्यासारखी माणसं बहुतेक अशीच, दूध आणता आणता काहीतरी करून जातात आणि विसरतात. तुम्हीही विसरला असाल. म्हणून एवढं लिहिलं.

रविवारी येते. आईही येतेय. वॉचमन आता नवीन आहे, असं तुमची नात म्हणत होती.